पंपवाल्याच्या घरचं पिंप

आमच्या गेममधला पंपवाला असा का झाला, हा प्रश्न मला आतापर्यंत दोनशेच्या वर लोकांनी विचारलाय. निम्म्यांनी शिव्या घालून विचारलाय. त्यांचं काही चुकत नाही. गेमचा दुसरा भाग निघावा म्हणून त्यांनी पदरमोड केली ती पोट धरून हसायला मिळेल म्हणून, आणि आम्ही त्यांना ऐन हसायच्या जागी अडवलं. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचा आता कंटाळा आलाय. शिवाय आजवर दिलेली सगळी उत्तरं थापा होत्या. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

ज्यांनी गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जग बेचिराख झालंय. उरलेली माणसं ओसाड शहरांतून पाणी आणि औषधं शोधत हिंडतायत, आणि खेळणारा त्यांच्यातलाच एक होऊन, वाटेल ते बोलून, वाटेल तसं वागून पुढे जातो. एका गावात पाण्याची टाकी आहे. टाकीखाली जाळीची खिडकी, खिडकीत चष्मेवाला पंपवाला, त्याच्यापुढे रजिस्टर. तो म्हणतो, "नाव सांगा." तुम्ही नाव सांगता, तो लिहितो, एक कॅन पाणी देतो. दोन मिनिटांनी परत जा आणि दुसरं नाव सांगा. तो चष्म्यावरून बघतो, डोकं खाजवतो आणि म्हणतो, "तुम्हाला कुठे पाहिलंय का मी? नाही, आठवत नाही. घ्या पाणी." असं दहा वेळा करा, पन्नास वेळा करा. एका बहाद्दराने चारशे कॅन घेतल्याचा व्हिडिओ टाकला होता. लोकांनी त्या वाक्याचे टी-शर्ट छापून घेतले.

दुसऱ्या भागातही तो तेच विचारतो, तेच बोलतो, पाणीही देतो. फक्त खिडकीच्या मागे आता त्याचं घर आहे, घरात एक पिंप आहे, आणि तुम्ही खोटं नाव सांगितलंत की त्या पिंपातलं पाणी एका कॅनने खाली जातं. हे तुम्हाला कुणी सांगत नाही. घराच्या मागून वळसा घालून जो डोकावेल त्यालाच दिसतं.

हा पंपवाला मी लिहिला. तो माझा सख्खा मामा आहे, आणि ही गोष्ट मी मामाला वीस वर्षं सांगितली नव्हती.

मामा पाणीखात्यात पंपाचा ऑपरेटर होता. बुटका, रुंद खांद्यांचा, हाताला कायम ग्रीसचा वास. पंप चालू असताना तो स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "महिनाभर चालेल, नंतर रडेल." महिन्याने बेअरिंग जायचं. यंत्र असं आवाजावरून ओळखणाऱ्या या माणसाला माणसं मात्र ओळखू येत नाहीत, असं आमच्या सगळ्या घराण्यात धरून चाललेलं होतं. लग्नाकार्यात तो माझ्या आईला, म्हणजे सख्ख्या बहिणीला, विचारायचा, "आपण कुणाकडच्या?" की सगळा मांडव हसायचा. मी दिसलो की म्हणायचा, "तू शिंप्याचा ना?" पुढच्या वेळी, "पोस्टमनचा का रे तू?" कधी मी बेकरीवाल्याचा असायचो, कधी न्हाव्याचा. आम्ही पोरं मुद्दाम त्याच्यापुढे जाऊन उभी राहायचो. मामाचं डोकं जरा कमीच, असं आई कौतुकाने म्हणायची आणि बाबा कौतुकाशिवाय म्हणायचे.

यामागे एक किस्सा होता. मी तो इतक्यांदा सांगितलाय की माझा मलाच पाठ झालाय. मी दहा वर्षांचा असताना आमच्या वसाहतीत पाण्याचे फार हाल झाले. तलाव तळाला गेला. दर घरी रोज एक कॅन, वीस लिटर, असा हुकूम निघाला. संध्याकाळी पंपहाउसच्या खिडकीशी रांग लागायची, मामा रजिस्टरात घराचं नाव शोधून खूण करायचा आणि नळ सोडायचा. सुताराचं घर आठवडाभर कुलूपबंद होतं, सगळे नातलगांकडे गेले होते. माझ्या दोस्ताने पैज लावली, तुझा मामा तुला ओळखेल. मी म्हटलं, हट्, रांगेत तो कुणालाच ओळखत नाही. आमच्या घरचा कॅन मी आधीच नेऊन पोचवला होता. मग दोस्ताची टोपी घातली, आवाज जाड केला, रांगेत परत उभा राहिलो आणि म्हणालो, "सुताराचा धाकटा." मामाने चष्म्यावरून पाहिलं. डोकं खाजवलं. खूण केली आणि कॅन भरून दिला. भिंतीमागे जाऊन आम्ही ते वीस लिटर एकमेकांच्या अंगावर ओतलं. हसून हसून पोटात दुखायला लागलं.

पुढे चौकशी झाली. बंद घरांच्या नावावर पाणी गेल्याचं उघड झालं, आणि मामाला ऑपरेटरच्या जागेवरून काढून खड्डे खणणाऱ्या टोळीत टाकलं. मी तेव्हा इतकंच समजलो की वेंधळ्या माणसाचं असंच व्हायचं.

आता गेमकडे येतो. पहिला भाग आम्ही पाच जणांनी टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत केला. शेवटी शेवटी सगळं फार भकास झालं होतं. राख, हाडं, खोकणारी माणसं. "एखादं विनोदी पात्र टाक रे, नाहीतर लोक जीव देतील," असं टकल्या म्हणाला. टकल्या म्हणजे आमचा चित्रं काढणारा, तेव्हाही टक्कल होतं. पंपवाला मी एका दुपारी लिहून हातावेगळा केला. डोकं चालवायची गरजच पडली नाही. चष्मा, रजिस्टर, डोकं खाजवणं, सगळं मामाच्या अंगावरून उतरवून घेतलं. त्याला विचारावं असं मनातही आलं नाही. कपडे वाळत टाकलेल्या दोरीवरून आपण आपल्याच घरातला टॉवेल ओढतो, तसा ओढला.

मग कंपनी बुडाली, आम्ही पाचही जण पांगलो. वीस वर्षांनी हक्क परत मिळाले, पण दुसऱ्या भागाला पैसे घालायला कोणी प्रकाशक तयार होईना. तेव्हा आम्ही थेट खेळणाऱ्यांपुढे झोळी पसरली, ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात ती. तीस दिवसांत रक्कम जमली तर गेम, नाहीतर सगळ्यांचे पैसे परत आणि आपण आपल्या घरी. दहाव्या दिवशी आकडा जो अडला तो हलेना. खाली लोक एकच विचारत होते, पंपवाला असणार का? त्या दिवशी मी टकल्याला सहज बोलून गेलो, की पंपवाला खरा आहे, माझा मामाच तो. टकल्याने तासाभरात पानावर टाकून दिलं: खरा पंपवाला, खऱ्या आवाजात.

त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं, की आधी काढ ते, मी मामाला विचारलेलंसुद्धा नाही. मी ओरडलो नाही. आकडा चढताना बघत बसलो. दोन दिवसांत रक्कम पूर्ण झाली, टकल्याने मला मिठी मारली आणि मीही मारली. लाज वाटली ती नंतर, मामाला फोन लावायची वेळ आली तेव्हा. आणि तीसुद्धा एवढीच वाटली, की मामा नाही म्हणाला तर हजारो लोकांत माझं नाक कापलं जाईल.

मामा आता चौऱ्याहत्तरचा. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत पलंग, टेबल आणि दाराशी स्वच्छ घासलेलं पाण्याचं पिंप. नळाला चोवीस तास पाणी आलं तरी मामीने ते पिंप काढलेलं नाही. मी लॅपटॉप आणि मायक्रोफोन घेऊन दुपारी पोचलो.

"ये ये," मामा म्हणाला. "तू शिंप्याचा ना?"

"हो, तोच," मी नेहमीसारखा हसलो.

मी त्याला सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. एक गेम आहे, त्यात एक पंपवाला आहे, लोकांचा फार लाडका आहे, त्याला तुझा आवाज हवाय. मामाने विचार केला. "माझा आवाज पंपापुढे ओरडून ओरडून फाटलाय."

"तसाच हवाय, मामा."

"देतो की मग. पण आधी त्याने काय काय केलंय ते दाखव. कुणाच्या जागेवर बसायचं तर त्याचं काम बघून घ्यावं."

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी गेम लावला, खिडकीपाशी गेलो, नाव सांगितलं, पाणी घेतलं. परत गेलो, दुसरं नाव सांगितलं. पंपवाल्याने डोकं खाजवलं. "नाही, आठवत नाही. घ्या पाणी." मी थांबवायला गेलो तर मामा म्हणाला, "अजून एकदा जा." मी गेलो. "अजून एकदा." मामाचा चेहरा शांत होता, बेअरिंग ऐकताना असायचा तसा.

मागून मामीचा आवाज आला. "हे कोणी केलंय?"

ती चहा घेऊन कधी आली ते कळलंच नव्हतं. मी म्हटलं, "मी, मामी."

तिने कप टेबलावर आपटला. "तू? घरातल्या माणसाने? अरे, बाहेरच्याने केलं असतं तर सोडून दिलं असतं!"

"जाऊ दे गं," मामा म्हणाला.

"का जाऊ दे? चाळीस वर्षं जाऊच देतेय! यांना चेहरे लक्षात राहत नाहीत होय? वसाहतीतल्या कुठल्या पोराचे दुधाचे दात कधी पडले ते सांगतील हे!" ती माझ्याकडे वळली. "गोदामामागे चौदा झोपड्या होत्या, ठाऊक आहे? त्यांचं नाव नव्हतं यादीत. त्या बाया तान्ही पोरं घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि बंद घरांची नावं सांगायच्या. मी सोनाराची, मी गवंड्याची. हे सगळ्या चौदाजणींना ओळखत होते. खूण करायचे आणि पाणी द्यायचे. बंद घरांचं पाणी, कुणाचं काही जात नव्हतं."

मी मामाकडे पाहिलं. तो कपातल्या चहाकडे बघत होता.

"आणि एक दिवस कुठल्यातरी कार्ट्याने सुताराचं नाव सांगून कॅन नेला," मामी म्हणाली. "नेमकी त्याच संध्याकाळी सुतारीण गावाहून परतली. कडेवर पोर, हातात रिकामा कॅन. रजिस्टरात तिच्या नावावर खूण झालेली! टाकीत एकच कॅन उरला होता, आमचा. मी तिच्या मागेच उभी. यांनी तो तिला दिला आणि मला भर रांगेत म्हणाले, 'तुमच्या घराचं झालंय.' मला! माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, बायकोलाही ओळखत नाही हा माणूस! सगळी रांग हसली."

तिचा आवाज खाली आला. "मग चौकशी झाली. साहेबाने विचारलं, बंद घरांचं पाणी कोणाला दिलं, नावं सांग. नावं सांगितली असती तर त्या बायांना दंड झाला असता, झोपड्याही उठवल्या असत्या. हे म्हणाले, मला चेहरे लक्षात राहत नाहीत साहेब. त्याने विश्वास ठेवला नसता. पण रांगेतल्या चाळीस जणांनी साक्ष दिली, की याची बायकोच असं म्हणाली. माझं वाक्य कागदावर लिहून घेतलं त्यांनी. ते खोटं पडू नये म्हणून तेव्हापासून यांचं हे सोंग. बावीस वर्षं खड्डे खणले यांनी माझ्या एका वाक्यावर." तिने पदराने नाक पुसलं. "झोपड्यांचं सगळं मला सांगितलं यांनी. तो कार्टा कोण, तेवढं आजतागायत नाही सांगितलं. विचारलं की म्हणतात, चेहरे लक्षात राहत नाहीत."

ती कप तिथेच टाकून आत गेली. लॅपटॉपवर पंपवाला माझी वाट बघत डोकं खाजवत होता. तो बंद करायचं मला सुचत नव्हतं.

मामाने चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि हळूच म्हणाला, "चल, सुताराच्या धाकट्या. यंत्र चालू कर."

शिंप्याचा, पोस्टमनचा, बेकरीवाल्याचा, न्हाव्याचा. या एवढ्या वर्षांत सुतार त्यात एकदाही आला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. तो टाळत होता. मी हसायचो, आणि तो ते एक नाव सोडून बाकीची शोधून काढायचा.

"मामा, तेव्हाच का नाही पकडलंस मला?" मी विचारलं. "एक कानफटात द्यायची होतीस."

"कशी देणार? तुझ्या मागे त्यातल्या तिघीजणी उभ्या होत्या. तुला ओळखलं असतं तर त्यांनाही ओळखावं लागलं असतं." मग तो हसला. "पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या बुचातून, थेंब थेंब पाणी पडू द्यावं लागतं रे. ते अगदी आवळून टाकलं की दांडा जळतो. त्या दिवशी थोडं जास्त गळलं, एवढंच."

"आम्ही ते पाणी अंगावर ओतलं, मामा."

"माहीत आहे. ओला होऊनच तर घरी गेलास खिडकीपुढून."

मी म्हटलं, राहू दे, मी पंपवालाच काढून टाकतो, लोकांचे पैसे परत करतो. मामाने मान हलवली. "लोकांनी याच्यासाठी भरलेत ना? मग त्यांच्या घराचं त्यांना मिळालं पाहिजे. कागद दे." त्याने चष्मा लावला, उठून फ्रिज बंद केला, कारण त्याचा आवाज येतो हे त्याला माझ्याआधी कळलं होतं, आणि सगळी वाक्यं एका दमात वाचली. "तुम्हाला कुठे पाहिलंय का मी? नाही, आठवत नाही. घ्या पाणी." इतकं अचूक, इतकं वेंधळं, की एकही वाक्य दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. का लागेल? चाळीस वर्षं रोजचा सराव होता. आणि प्रेक्षकांत पहिल्या रांगेत मीच बसलेला होतो.

मी मायक्रोफोन गुंडाळला. पिशवी खांद्याला लावून सरळ बाहेर पडता आलं असतं. मामीपुढे मामाने मला कधी ओळखलं नसतं, याची मला खात्री होती. दार समोरच होतं, दाराशी ते पिंप. मी आत स्वयंपाकघरात गेलो.

मामी पाठमोरी भांडी घासत होती.

"मामी," मी म्हटलं, "सुताराचा कॅन मी नेला होता."

तिचे हात थांबले. नळ चालू होता, तो तिने आधी बंद केला. मग वळली. रागावेल, रडेल, काहीतरी होईल म्हणून मी उभा राहिलो.

"म्हणजे ते वाक्य," ती सावकाश म्हणाली, "तुझ्यापायी माझ्या तोंडून गेलं."

"हो."

बाहेरून मामाचा फाटका आवाज आला. "नाव सांगितलं का त्याने?"

मामीने डोळे पुसले. "सांगितलं," ती म्हणाली.

"मग पाणी दे त्याला."

तिने पेला भरला. माझ्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला आणि परत भांडी घासायला वळली. मी पेला उचलला आणि तिथेच, तिच्या पाठीमागे उभा राहून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.